चौतिसाव्या आठवड्यातली उलटी : गरोदरपणातल्या यकृतविकाराचं एक प्रकरण

या केसपेपरमधली बाई एकच नाही. तालुक्या-तालुक्यांतून अवघड बाळंतपणं जिथे पाठवली जातात, अशा जिल्ह्याच्या गावच्या रुग्णालयात गरोदरपणातलं तीव्र मेदयुक्त यकृत या आजाराचं जे रूप दिसतं, ते शिकवण्याच्या सोयीसाठी एका रुग्णात गोळा केलं आहे. कुणा एकीची ओळख त्यात नाही. आकडे मात्र या आजारात येतात तसेच ठेवले आहेत. इतकं सविस्तर लिहायचं कारण असं की, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत यकृत बिघडलं तर बाईला वाचवणारे निर्णय थोडेच असतात आणि अवघडही नसतात, पण ते त्याच दिवशी घ्यावे लागतात. दिवस उलटला की तेच उपाय अपुरे पडतात.

माहेरी येईपर्यंत

वय २४, पहिलटकरीण, वजन ५२ किलो, अंगानं बारीक. नवरा चाकणला कारखान्यात नोकरीला, सासरही तिकडेच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्या महिन्यात डोहाळजेवण आटोपून ती सांगली जिल्ह्यातल्या आपल्या गावी आली. तोवर सगळं सुरळीत होतं. रक्तदाब ११०/७०, हिमोग्लोबिन ११.४, सोनोग्राफी ठीक, मधुमेह नाही. हे रिपोर्ट ज्या फाइलमध्ये होते ती फाइल सासरी कपाटात राहिली, माता-बाल संरक्षण कार्ड तेवढं पिशवीतून आलं.

माहेरी येण्याची रीत चांगलीच आहे. पोरीला आईच्या हातचं खायला मिळतं, दुपारची झोप मिळते. पण नेमक्या नाजूक टप्प्यावर डॉक्टर बदलतो आणि आधीचे आकडे मागे राहतात. इथे ते फार महत्त्वाचं ठरलं. त्या फाइलमध्ये क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा आकडा) ०.५ लिहिलेलं होतं, आणि पुढच्या रिपोर्टचा अर्थ त्या एका आकड्याशी ताडूनच लागणार होता.

तेहतिसावा आठवडा संपता संपता तिला मळमळ सुरू झाली. जेवण नकोसं, दिवसाला दोन-तीन उलट्या, छातीखाली जळजळ. घरात सगळ्यांनी पित्त म्हटलं. गावातल्या डॉक्टरांनीही आम्लपित्ताची गोळी आणि उलटी थांबवायची गोळी दिली. त्यात वावगं काही नव्हतं, कारण शेवटच्या महिन्यांत वर सरकलेल्या गर्भाशयाच्या दाबानं जळजळ बहुतेकींना होते. पण ज्या बाईची मळमळ चौथ्या महिन्यात थांबली होती, तिला आठव्या महिन्यात ती नव्यानं सुरू झाली, तर तिला पित्त म्हणण्याआधी एक रक्ततपासणी व्हायला हवी. पहिल्या तिमाहीतली उलटी आणि तिसऱ्या तिमाहीतली उलटी यांची कारणं वेगळी असतात. दुसरीच्या मागे यकृत, रक्तदाब, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, स्वादुपिंड यांपैकी काही ना काही असू शकतं.

आणखी एक गोष्ट घडत होती, जिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तिला तहान फार लागत होती. रात्रीतून तांब्या दोनदा भरून ठेवावा लागे आणि तितक्याच वेळा लघवीला उठावं लागे. 'दिवस भरत आले की असं होतंच' यावर विषय संपला. याचं कारण पुढे येईल.

पाचव्या दिवशी थकवा इतका वाढला की तालुक्याच्या गावी तपासणी झाली. बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) २.४, एसजीपीटी (यकृताचं एक एन्झाइम) १८६, अल्कलाइन फॉस्फटेज ४१२, पांढऱ्या पेशी १४,८००, प्लेटलेट १ लाख ९० हजार, क्रिएटिनिन १.१. लॅबच्या कागदावर पहिल्या चार आकड्यांपुढे वाढल्याची खूण होती. क्रिएटिनिनपुढे खूण नव्हती, कारण छापलेली मर्यादा ०.६ ते १.२ अशी होती.

कागदावरची मर्यादा कुणाची

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रकरणाचा खरा पेच या कागदातच आहे.

लॅबच्या रिपोर्टवर उजवीकडे जी मर्यादा छापलेली असते ती गरोदर नसलेल्या माणसाची असते. गरोदरपणात रक्ताचं पाणी वाढतं, मूत्रपिंडं जोरानं काम करतात, वार स्वतःची द्रव्यं रक्तात सोडते. त्यामुळे काही आकडे वाढलेले दिसतात पण ते ठीक असतात, आणि काही ठीक दिसतात पण धोक्याचे असतात.

अल्कलाइन फॉस्फटेज वार स्वतःच तयार करते. शेवटच्या महिन्यांत ते दुपटी-तिपटीनं वाढलं तरी यकृताला काही झालं असं होत नाही. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन रक्त पातळ झाल्यामुळे खाली येतं. पांढऱ्या पेशी १२-१४ हजारांपर्यंत सहज जातात. तळहात लालसर होणं, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसणं ही एरवी जुनाट यकृतविकाराची लक्षणं, पण गरोदर बाईत ती निरोगी असतानाही दिसतात.

उलट एसजीओटी, एसजीपीटी आणि बिलिरुबिन गरोदरपणात वाढत नाहीत, झालंच तर किंचित कमी होतात. म्हणून एसजीपीटी साठ-सत्तर आलं तरी 'दिवसांमुळे असेल' म्हणून सोडता येत नाही. क्रिएटिनिन गरोदरपणात ०.४ ते ०.८ च्या आसपास असतं. ०.५ वरून १.१ म्हणजे दुपटीहून जास्त वाढ. मूत्रपिंडं मागे पडू लागली होती आणि कागद ते ठीक म्हणत होता. फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचंही तसंच. एरवी २०० ते ४०० हे ठीक, पण भरत आलेल्या गरोदर बाईत ते ४०० ते ६०० असतं. तिच्या रिपोर्टवर २१० दिसलं तर लॅब खूण करणार नाही, पण तिचं निम्मं फायब्रिनोजेन संपलेलं असतं.

त्या कागदावर दोन तपासण्या मुळात नव्हत्याच. एक रक्तातली साखर, दुसरी रक्त गोठायला लागणारा वेळ म्हणजे पीटी-आयएनआर. काविळीच्या गरोदर बाईत या दोन तपासण्या बिलिरुबिनहून जास्त सांगतात. बिलिरुबिन कळतं ते किती पिवळं झालं एवढंच. यकृत काम करतंय का, हे साखर आणि आयएनआर सांगतात. साखर मोजायला ग्लुकोमीटरची एक पट्टी पुरते, आणि ती उपकेंद्रातही असते.

माळ

सहाव्या दिवशी सकाळी तिच्या चुलतआजीनं डोळे पिवळे असल्याचं ओळखलं. कावीळ झाली हे नक्की झालं आणि शेजारच्या गावी काविळीची माळ देणाऱ्याकडे नेलं गेलं. डोक्यावर घातलेली छोटी माळ हळूहळू मोठी होत गळ्यात, मग पोटापर्यंत उतरते, आणि ती उतरेल तशी कावीळ उतरते असं मानतात. सोबत हळद, तेल, तिखट बंद. उसाचा रस चालू.

या गोष्टीवर रागावून उपयोग नाही, कारण ज्या अनुभवावर ती उभी आहे तो खोटा नाही. आपल्याकडे पाण्यातून होणारी कावीळ, हिपॅटायटिस ए आणि ई, तरुण धडधाकट माणसाला झाली तर बहुतेक वेळा दोन-चार आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात माळ घातली, पाला प्याला, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, तर श्रेय त्याला जातं. गावानं हे शेकडो वेळा पाहिलेलं असतं. गरोदर बाईत हा अनुभव लागू होत नाही, एवढंच सांगायचं असतं, आणि ते आशाताईनं आधीच घरात सांगून ठेवलं तर ऐकलं जातं. हिपॅटायटिस ई घ्या. हा विषाणू एरवी शंभरात एखाद्याचाही जीव घेत नाही, पण तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांत मृत्यूचं प्रमाण १५ ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. १९५५-५६ ची दिल्लीची मोठी साथ, १९७८ ची काश्मीर खोऱ्यातली साथ, दोन्हींकडे हेच दिसलं. आमच्या भागात २०१२ ची इचलकरंजीची साथ लोकांच्या अजून लक्षात आहे.

माळ घालून घरी आल्यावर ती दुपारभर झोपून राहिली. आशाताई संध्याकाळी लोहाच्या गोळ्या द्यायला आली, तिनं हाक मारली तर उत्तर उशिरा आलं. आशाताईनं वाट न पाहता १०८ ला फोन केला. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता, आणि तो कुठलाही रिपोर्ट न बघता घेतला गेला.

दाखल होताना

तपासणीत ती जागी होती, नाव-गाव बरोबर सांगत होती, पण प्रत्येक उत्तराला वेळ लागत होता. नाडी ११०, रक्तदाब १३६/८८, ताप नाही. डोळे पिवळे. उजव्या बरगडीखाली दाबल्यावर दुखत होतं. बाळाचे ठोके ठीक, हालचाल कमी झाल्याचं ती म्हणाली. ३४ आठवडे ४ दिवस.

ग्लुकोमीटरवर साखर ४६.

शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, लगेच दिलं. पंधरा मिनिटांत ती नीट बोलू लागली. आईला वाटलं पोर बरी झाली. तासाभरात साखर पुन्हा ५८ वर आली. यकृत साठवलेली साखर सोडू शकत नाही आणि नवी बनवू शकत नाही, हे त्या तासाभरात सिद्ध झालं. मग १० टक्के डेक्स्ट्रोज सतत आणि दर तासाला साखर.

रक्ताचे निकाल आले ते असे. बिलिरुबिन ५.८, त्यातलं थेट ४.१. एसजीओटी ३४२, एसजीपीटी २९८. पांढऱ्या पेशी १९,४००. प्लेटलेट १ लाख ३२ हजार. क्रिएटिनिन १.९, युरिक ॲसिड ८.७. पीटी २४ सेकंद, आयएनआर २.१. फायब्रिनोजेन १६०. अमोनिया ८८. सोडियम १४९. लघवीत प्रथिनं एक प्लस. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी, पित्ताशयात खडे नाहीत, यकृताच्या आकारात लक्षात येण्याजोगा फरक नाही.

नाव ठरवताना

शेवटच्या तिमाहीत कावीळ आली की चार आजार डोळ्यांपुढे ठेवावे लागतात.

गरोदरपणातली पित्तस्तंभाची खाज सर्वांत सौम्य. तिच्यात तळहात-तळपायांना, रात्री विशेष, खाज सुटते. पित्ताम्लं वाढतात, पण आयएनआर आणि साखर बिघडत नाही. हिला खाज नव्हतीच. तो प्रश्न तिथेच मिटला.

दुसरा हिपॅटायटिस, आपल्याकडे मुख्यतः ई. त्यात एसजीपीटी बहुधा हजाराच्या पुढे असतं, आधी चार-पाच दिवस ताप येऊन गेलेला असतो, आणि गावात, घरात आणखी कुणाला कावीळ असते. इथे तिन्ही नव्हतं. नमुना मात्र पाठवला, कारण हा आजार आणि खाली येणारा चौथा आजार, या दोघांत उपाय वेगळा होतो. हिपॅटायटिस ई मध्ये बाळंतपण घाईनं उरकल्यानं आईचा आजार सुधारतो असं दिसत नाही. तिथे आधार देत थांबायचं असतं.

तिसरा हेल्प सिंड्रोम. तांबड्या पेशी फुटतात, यकृताची एन्झाइम्स वाढतात, प्लेटलेट एक लाखाच्या खाली जातात. हा रक्तदाबाच्या विकाराचा भाऊबंद. हिच्या रक्ताच्या काचपट्टीवर फुटलेल्या पेशी दिसल्या नाहीत. शिवाय हेल्पमध्ये साखर अशी कोसळत नाही, आणि आयएनआर बिघडतो तो फार उशिरा.

उरलं ते गरोदरपणातलं तीव्र मेदयुक्त यकृत. दहा-वीस हजार बाळंतपणांत एखादं दिसणारा आजार. यकृताच्या पेशींत मेदाचे अतिबारीक थेंब साचतात आणि पेशी जिवंत असूनही कामं थांबवतात. म्हणून एन्झाइम्स माफक वाढलेली आणि यकृताचं काम मात्र कोलमडलेलं, असा विसंगत रिपोर्ट येतो. नवख्या डॉक्टरांची फसगत इथेच होते. 'एसजीपीटी तीनशेच आहे' असं म्हणून ते निश्चिंत होतात. या आजाराचं वेगळं रूप १९४० मध्ये शीहान यांनी नीट मांडलं, तेच शीहान ज्यांच्या नावानं बाळंतपणातल्या रक्तस्रावानंतरचा पिट्युटरी ग्रंथीचा विकार ओळखला जातो. त्या काळी यातून क्वचितच कुणी वाचे.

निदानासाठी स्वान्सी निकष वापरतात. चौदा मुद्दे, त्यांतले सहा किंवा जास्त जुळले आणि दुसरं कारण नसलं तर हा आजार धरायचा. उलटी, पोटदुखी, अति तहान-लघवी, बिलिरुबिन ०.८ च्या वर, साखर ७२ च्या खाली, युरिक ॲसिड ५.७ च्या वर, पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या वर, पोटात पाणी किंवा सोनोग्राफीत पांढरट यकृत, वाढलेली एन्झाइम्स, वाढलेला अमोनिया, क्रिएटिनिन १.७ च्या वर, पीटी लांबलेला. हिच्यात हे बाराही जुळले. तेरावा मुद्दा भ्रमिष्टपणाचा. तिची सुस्ती साखरेमुळे होती असं धरून तो मोजला नाही. चौदावा यकृताचा तुकडा काढून तपासण्याचा. आयएनआर २.१ असताना यकृतात सुई घालणं म्हणजे रक्तस्राव ओढवून घेणं, आणि उत्तर येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

सोनोग्राफीत यकृत ठीक दिसलं म्हणून निदान सोडायचं नसतं, हे वेगळं सांगायला हवं. मेदाचे थेंब इतके बारीक असतात की बऱ्याच जणींत यकृत सोनोग्राफीत नेहमीसारखंच दिसतं.

आता तहानेचं. शरीरातलं पाणी राखणारं व्हेसोप्रेसिन हे संप्रेरक मोडून टाकणारं एक एन्झाइम वार तयार करते. एरवी यकृत त्या एन्झाइमची विल्हेवाट लावतं. यकृत थकलं की ते साचतं, व्हेसोप्रेसिन टिकत नाही, लघवी वाढते, तहान वाढते, सोडियम चढतं. कावीळ दिसायच्या चार दिवस आधी तांब्या दोनदा भरावा लागत होता, तो यामुळे.

मोकळं करणं

या आजारावर औषध नाही. वार आणि बाळ बाहेर येणं हाच उपाय, मग आठवडे कितीही भरलेले असोत. ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ असतं तर फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचा विचार झाला असता. इथे त्यासाठी एक तासही घालवण्यासारखा नव्हता.

घरच्यांशी बोलणं सोपं नव्हतं. आई म्हणाली, "म्याडम, आठव्यातलं बाळ जगत न्हाई म्हणत्यात. दोन आठवडं थांबून न्हाई का चालायचं?" सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं नाही, हा समज अजून घरोघर आहे. तिला सांगितलं, "मावशी, प्रत्येक दिवसागणिक बाळाची तयारी वाढतेच, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सशक्तच असतं. आणि आत राहिलं तर आई आणि बाळ दोघंही जातील. थांबण्यात बाळाचं भलं नाही." नवरा फोनवर होता, तो निघालाच होता. पण संमती कुणाची हवी? बाई शुद्धीवर होती. तिला सगळं समजावलं, पिशवी काढावी लागण्याची शक्यताही सांगितली, आणि सही तिनं स्वतः केली.

कसं मोकळं करायचं, हा पुढचा प्रश्न. रक्त गोठत नसताना पोट कापण्यापेक्षा नैसर्गिक प्रसूती केव्हाही बरी, जर ती दिवसभरात होणार असेल तर. गर्भाशयाचं तोंड मऊ होऊन उघडायला लागलं असतं तर कळा आणल्या असत्या. तोंड बंद होतं, लांब होतं, आणि पहिलटकरीण. कळा आणून प्रसूती व्हायला दीड-दोन दिवस लागले असते. सिझेरियन ठरलं.

आधी रक्त सुधारायचं. चार पिशव्या गोठवलेला प्लाझ्मा, दहा युनिट क्रायोप्रेसिपिटेट (फायब्रिनोजेन भरपूर असलेला रक्ताचा भाग), शिरेतून व्हिटॅमिन के. रक्तपेढीत तिच्या गटाचं रक्त कमी होतं. गावातल्या तरुण मंडळाची पोरं टेम्पो करून आली आणि रात्री रांगेत बसली. त्या रात्री त्यांचं रक्त तपासून वापरायला वेळ नव्हता, पण साठ्यातलं जे दिलं ते त्यांच्या भरवशावर दिलं गेलं. आयएनआर १.५ आणि फायब्रिनोजेन २१० झाल्यावर तिला आत घेतलं.

तोवर रक्तदाब १४८/९४ झाला होता. या आजाराच्या निम्म्या बायकांत रक्तदाबाचा विकारही सोबत असतो, तेव्हा झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं ठरलं. आपल्याकडे त्याची सवयीची पद्धत म्हणजे दोन्ही कुल्ल्यांत खोल इंजेक्शनं. रक्त गोठत नसलेल्या बाईला ती देऊ नयेत, तिथे रक्त साचून मोठी गाठ होते. शिरेतून ४ ग्रॅम दिलं, आणि मूत्रपिंडं मंदावलेली म्हणून पुढचा डोस नेहमीपेक्षा कमी ठेवून गुडघ्याची उडी आणि श्वास दर तासाला बघितला. तालुक्यातून पाठवताना पहिला डोस देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं अशी कळकळीची विनंती आहे.

कमरेतून भूल दिली नाही, कारण मणक्याजवळ रक्त साचलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. पूर्ण भूल दिली. मुलगा, २ किलो, थोडा श्वास द्यावा लागला, मग रडला. बाळाची साखर ३४ होती, त्याला नवजात कक्षात हलवलं. मुलगा पोटात असताना हा आजार जरा जास्त दिसतो, जुळ्यांतही दिसतो. पोटातल्या बाळाचं लिंग पाहायचं नसतंच, तेव्हा निदानाला या माहितीचा उपयोग नाही. जुळी असतील तर मात्र जास्त सावध राहता येतं.

गर्भाशय सैल पडलं. ऑक्सिटोसिन, कार्बोप्रोस्ट, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलं, तरी पाझर थांबेना तेव्हा कॅथेटरला कंडोम बांधून सलाइननं भरलेला फुगा आत ठेवला. शेजारच्या बांगलादेशातून आलेली ही साधी युक्ती गरीब देशांतल्या कितीतरी बायकांच्या पिशव्या वाचवून गेली आहे. पोटात नळी ठेवून टाके घातले.

नंतरचे दिवस

बाळंतपण झालं की यकृत लगेच सुधारतं, असा घरच्यांचा समज होतो, आणि तो आपणच करून दिलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस उलट बिघाड दिसतो. दुसऱ्या दिवशी बिलिरुबिन ९.६, क्रिएटिनिन २.८, टाक्यांतून रक्ताळ पाझर, साखर रात्री पुन्हा ६० च्या खाली. तिचा बाप विचारत होता, "बाळ झालं तर कावीळ वाढतीया कशी?" त्याला रोज सकाळी आयएनआरचा आकडा कागदावर लिहून दाखवायला सुरुवात केली. बिलिरुबिन शेवटी उतरतं, आयएनआर आधी. तो आकडा खाली येतोय तोवर धीर धरायचा, हे त्याला दोन दिवसांत उमगलं आणि तो स्वतःच आकडा विचारू लागला.

या दिवसांत नर्सिंगचं काम सर्वांत मोठं असतं. दर तासाची साखर, दर तासाची लघवी, फुग्याच्या नळीतलं रक्त, टाक्यांखालची सूज, बोलण्यातला फरक. सिझेरियननंतर सगळीकडे सवयीनं दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक इथे पूर्ण बंद, कारण ते मूत्रपिंड आणि रक्तस्राव दोन्ही बिघडवतं. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत. झोपेची औषधं नाहीत. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते म्हणून लायपेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम तपासलं, ते ठीक होतं.

यकृत प्रत्यारोपणाची गरज या आजारात फार क्वचित लागते, पण ती लागेल का हे तिसऱ्या दिवशी विचारण्यापेक्षा पहिल्या दिवशी विचारावं. म्हणून पुण्यातल्या प्रत्यारोपण केंद्राशी दाखल झालेल्या रात्रीच बोलणं झालं होतं. प्लाझ्मा बदलण्याचा पर्यायही तयार होता: चौथ्या दिवसापर्यंत आयएनआर वाढत राहिला किंवा शुद्ध हरपू लागली तर. वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी आयएनआर १.६, चौथ्या दिवशी १.३. डेक्स्ट्रोज बंद करता आलं. हिपॅटायटिस ई चा निकाल मधल्या काळात नकारार्थी आला होता. लघवी भरपूर होऊ लागली, सोडियम स्थिर झालं, क्रिएटिनिन दहाव्या दिवशी १.० वर आलं. घरी जाताना बिलिरुबिन ३.१ होतं आणि डोळे अजून पिवळसर होते. सहा आठवड्यांनी सगळं ठीक. या आजारातून वाचलेलं यकृत पूर्ववत होतं, मागे काही राहत नाही, ही त्याची एक चांगली बाजू.

खर्चाचं सांगायचं तर सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, ने-आण सगळं मोफत आहे. आजारी नवजात बाळालाही ते लागू आहे. हे माहीत नसल्यामुळे पैशांची जुळवाजुळव करण्यात पुष्कळ घरांचा दिवस जातो.

ब्रिटनमध्ये २००५ पासून दीड वर्षात अकरा लाखांहून अधिक बाळंतपणांतून असे ५७ रुग्ण शोधले गेले, त्यांतली एक बाई दगावली. आजार तोच, फरक पडला तो लवकर ओळखून लवकर मोकळं करण्यानं आणि अतिदक्षता कक्षानं. बाळांचं नुकसान मात्र तिथेही मोठं होतं, हजारामागे सुमारे १०४.

बाळाची बाजू

आई बरी झाली की पुष्कळदा फाइल बंद होते, आणि बाळाबद्दलचा अर्धा भाग राहून जातो. या आजाराच्या काही रुग्णांत मूळ बाळात असतं. लांब साखळीची मेदाम्लं जाळणारं एक एन्झाइम बाळात जन्मतः नसतं, आईवडिलांकडून एकेक सदोष जनुक आलेलं असतं. बाळाला न जाळता आलेली अर्धवट द्रव्यं वारेतून आईकडे येतात, आणि आईचं स्वतःचं एन्झाइमही निम्मंच असतं. शेवटच्या तिमाहीत मेदाचा वापर वाढतो तेव्हा तिचं यकृत त्या ओझ्याखाली बसतं. याचा सर्वांत माहितीतला जनुकदोष युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त सापडतो. आपल्याकडे तो नसेलच असं गृहीत धरून बाळाला न तपासणं मला पटत नाही, कारण असं बाळ वरून धडधाकट दिसतं आणि चार-सहा महिन्यांनी एखाद्या साध्या तापात, दूध न पिता काही तास झोपलं की, साखर कोसळून किंवा हृदय थांबून जातं.

म्हणून निकाल येईपर्यंत बाळाला तीन तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवायचं नाही, रात्रीही उठवून पाजायचं, हे आईला आणि आजीला दोघींनाही सांगितलं. टाचेचं रक्त कागदावर वाळवून ॲसिलकार्निटिनच्या तपासणीला (मेद नीट जळतो का ते यात कळतं) पाठवलं, सोबत जनुकतपासणीचा नमुना. आईचं दूध तिसऱ्या दिवसापासून सुरू झालं. आईच्या आजारामुळे दूध बंद ठेवायचं कारण नव्हतं. दोन्ही निकाल ठीक आले.

घरी जाताना जे कार्डवर लिहून दिलं, ते असं. आजाराचं नाव मराठीत, मोठ्या अक्षरात. दाखल होतानाची साखर, आयएनआर आणि क्रिएटिनिन. यकृताच्या तपासण्या ठीक येईपर्यंत इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या नाहीत. पाळणा लांबवायला तांबी चालेल. पुढच्या खेपेला हा आजार पुन्हा होऊ शकतो. बाळात दोष सापडला असता तर ही शक्यता चारांत एक इतकी असती, तपास ठीक असल्यानं ती बरीच कमी आहे, पण शून्य नाही. पुढचं गरोदरपण कळताच नोंदणी अतिदक्षता कक्ष आणि रक्तपेढी असलेल्या ठिकाणी, अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी एसजीपीटी, क्रिएटिनिन, साखर, प्लेटलेट आणि आयएनआर, आणि मळमळ किंवा तहान वाढली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी तपासणी. पुढचंही बाळंतपण माहेरी करायचं असेल तर पुण्याची फाइल सोबत आणायची. कार्डाची एक प्रत आशाताईकडे, एक गावातल्या डॉक्टरांकडे दिली.